समुद्र, शिबिर आणि हमीपत्र

मराठीतील 'सहल' हा शब्द अरबी भाषेतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ सोपे, सुगम असा. सपाट जमिनीलाही तेथे हाच शब्द आहे. 'साहस' हा शब्द संस्कृत, आणि त्याचा पूर्वेतिहास तितकासा सरळ नाही. धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत बळजोरीने केलेल्या कृत्याला 'साहस' म्हटले आहे. आजही 'नसते साहस करू नकोस' असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात तेव्हा त्या जुन्या अर्थाची सावली शब्दावर पडलेली असते. 'शिबिर' म्हणजे मुळात सैन्याचा तळ. आमच्या दुष्काळी पट्ट्यात त्याचा पर्यायी शब्द 'छावणी' जनावरांच्या चाऱ्याशी जोडला गेला, तो भाग वेगळा. सोपेपणा, अविचाराची शक्यता आणि शिस्त अशा तीन भिन्न वृत्तींचे हे तीन शब्द आता एकाच पत्रकात शेजारी शेजारी बसलेले दिसतात : किशोरांसाठी सागरी साहस शिबिर, सहलीचा आनंद, साहसाचा थरार. या तिघांपैकी नेमके कोण कोणावर अंकुश ठेवणार, हे मात्र पत्रकात सांगितलेले नसते.

आम्ही बारामती आणि इंदापूर येथील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी अशी पत्रके आमच्या गावांतही येऊ लागली आहेत. काशीद, दिवेआगर, हर्णै, तारकर्ली ही नावे. नारिंगी जाकिटे घातलेली हसरी मुले. तंबू, शेकोटी, होडी. आणि खाली शुल्काचा आकडा. शिक्षक म्हणून आमचे मत विचारले जाते. गावातील मत दोन टोकांवर उभे आहे. एक पक्ष म्हणतो, पाण्याच्या वाटेला मुलांना जाऊच देऊ नये. दुसरा म्हणतो, अवश्य पाठवावे, त्याशिवाय मूल धीट व्हायचे नाही. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच प्रश्नाला बगल देतात. मुलाला समुद्रावर न्यावे की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. कोणी न्यावे, कोणत्या तयारीनिशी न्यावे आणि त्या तयारीचा आरंभ कोठे व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला पुणे जिल्ह्यात एक तारीख आहे. १ फेब्रुवारी २०१६. त्या दिवशी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. शंभराहून अधिक विद्यार्थी होते, सोबत शिक्षक होते. दुपारी काही विद्यार्थी पाण्यात उतरले, पाण्याचा अंदाज आला नाही, आणि चौदा तरुण जीव बुडाले. त्यांत मुलींची संख्या अधिक होती. समुद्रावर जाणे एवढेच त्यांचे प्रयोजन होते. त्याला 'साहस' म्हणावे असे काही त्यांनी योजले नव्हते. ती 'सहल' होती, म्हणजे शब्दार्थाने सोपी गोष्ट. सपाट जमिनीवर वाढलेल्या माणसाला समुद्राचा किनाराही सपाट जमिनीसारखाच दिसतो, ही या दुर्घटनेतील सर्वांत करुण बाब होय. डोंगराचा कडा स्वतःहून सांगतो की येथे जपून. वाळू तसे काही सांगत नाही.

त्यानंतर जे झाले ते आपल्याकडे नेहमी होते तसेच झाले. परिपत्रके निघाली. पाण्याच्या जागा टाळाव्यात असा सूचनांचा सूर उमटला. अनेक ठिकाणी समुद्राऐवजी जलक्रीडा उद्यान आले, आणि पालकांच्या सहीच्या हमीपत्राला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले. आम्ही भाषेचे शिक्षक. म्हणून या हमीपत्राच्या भाषेकडे जरा निरखून पाहावेसे वाटते. त्यातील वाक्य साधारणपणे असे असते की काही अनुचित प्रकार घडल्यास त्यास संस्था जबाबदार राहणार नाही. या वाक्यात कर्ता शोधावा. अनुचित प्रकार 'घडतो'. तो कोणी घडवत नाही, कोणी घडू देत नाही. वाक्यात एकच कर्ती आहे, ती संस्था, आणि तिच्यासाठी योजलेले एकमेव क्रियापद नकारार्थी आहे. पालक ज्या कागदावर सही करतात त्यात आपल्या मुलासाठी कोण काय करणार आहे याविषयी एक अक्षर नसते. हमीपत्र या नावाला शोभेल अशी हमी त्यात शोधून सापडत नाही. उलट हमी मागणाऱ्याकडूनच हमी लिहून घेतली जाते. मराठी गद्याच्या इतिहासात इतका शब्दार्थविरोधी दस्तऐवज क्वचितच निर्माण झाला असेल.

बंदीचे समर्थन करणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, याविषयी आम्हाला शंका नाही. तथापि बंदीने समुद्र बंद होत नाही. शाळेची सहल किनाऱ्यावर गेली नाही म्हणून दहावी-बारावीची मुले किनाऱ्यावर जायची थांबली, असे आम्हाला दिसलेले नाही. परीक्षा संपली की चार मित्रांची गाडी ताम्हिणी घाट उतरते. वर्षअखेरीला तर उतरतेच. फरक एवढाच की शाळेच्या सहलीत निदान एक शिट्टी आणि एक हजेरीपट होता. या गाडीत तोही नसतो. ज्या गोष्टीपासून मुलाला वाचवायचे, ती गोष्ट त्याच्या ओळखीची होऊ न देणे हा वाचवण्याचा मार्ग नव्हे. बंदीने संस्थेची सुरक्षितता साधते. मुलाची साधतेच असे नाही.

अशाच प्रसंगी दुसऱ्या एका देशाने काय केले ते येथे पाहण्यासारखे आहे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात आठ शाळकरी मुले, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. म्हणजे ती अगदी आजच्या पत्रकात असते तशीच, मार्गदर्शकांसह जाणारी किशोरांची सागरी मोहीम होती. वाऱ्याने कयाक समुद्रात खेचले गेले, उलटले. संकटाचा इशारा देणाऱ्या ज्योती सोबत नव्हत्या. मदत पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. चार मुले मृत्यू पावली. पुढे जी माहिती उघड झाली ती अधिक अस्वस्थ करणारी होती : केंद्रातील सुरक्षिततेच्या उणिवांविषयी तेथे पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांनी लेखी इशारा दिलेला होता, आणि तो मनावर घेतला गेला नव्हता. १९९४ मध्ये ती कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक या दोघांनाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने किशोरांच्या साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि अशा केंद्रांना तपासणीनंतर परवाना घेणे बंधनकारक केले. समुद्र बंद झाला नाही. समुद्रावर मुले नेणाऱ्याला मात्र 'तू कोण, तुला काय येते' हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

महाराष्ट्रातही हा प्रश्न विचारला गेलाच नाही असे नव्हे. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासनाने नियम करावेत ही मागणी पालकांनीच न्यायालयात नेली. त्यातून २६ जुलै २०१८ चा शासन निर्णय आला. पुढे २४ ऑगस्ट २०२१ रोजी पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण आले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरील उपक्रम त्याच्या कक्षेत आहेत आणि आयोजकांची नोंदणी त्यात अभिप्रेत आहे. डोंगराच्या बाबतीत तर आपल्याकडे गिर्यारोहण संस्थांची जुनी, शिस्तशीर परंपरा आहे. नवख्याला दोर बांधायला शिकवल्यावाचून कड्यावर सोडायचे नाही, हा संस्कार सह्याद्रीत भटकणाऱ्या चांगल्या संस्थांनी कायद्याची वाट न पाहता जपला. समुद्राच्या वाट्याला मात्र तशी परंपरा आली नाही. पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी केली, ही स्वागतार्ह गोष्ट; परंतु त्याच तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ २४ मे २०२२ रोजी पर्यटकांना परत आणणारी होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. नियम असणे आणि नियम होडीत बसलेला असणे, यांत अंतर आहे.

मुळात किशोरांना समुद्रावर न्यायचे तरी कशासाठी? 'व्यक्तिमत्त्व विकास' हा शब्द आता इतका झिजला आहे की त्यातून काही अर्थबोध होत नाही. पण या कल्पनेचा उगम पाहिला तर तो गंभीर आहे. 'आउटवर्ड बाउंड' ही जगभर पसरलेली साहस-शिक्षणाची चळवळ १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, ॲबरडोव्ही येथे सुरू झाली. शिक्षणतज्ज्ञ कुर्त हान आणि जहाज-व्यावसायिक लॉरेन्स होल्ट हे तिचे प्रवर्तक. काळ महायुद्धाचा. बुडवल्या गेलेल्या जहाजांवरचे तरुण, धडधाकट खलाशी वयस्क खलाशांपेक्षा लवकर हार मानतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. अंगात बळ होते. पण समुद्राशी दीर्घ परिचय नव्हता, आणि आपण तगू असा भरवसा नव्हता. तो भरवसा शिकवता येईल या विश्वासावर ती शाळा निघाली. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला इंग्रजी खलाशी ज्या शब्दांनी ओळखतात, तेच नाव तिला मिळाले. थरार विकणे हा तिचा हेतू नव्हता. जगून परत येण्याची विद्या देणे हा होता. आजच्या पत्रकांतून नेमकी हीच ओळ गळून पडली आहे.

या विद्येचा पहिला धडा भीतीचा आहे. भीती घालवणे हे शिबिराचे काम नव्हे. आंधळ्या भीतीला डोळस करणे हे आहे. भरती-ओहोटीचेच घ्या. आमच्या भागातील मुलाला एकादशी ठाऊक असते, कारण घरात उपवास असतो. पौर्णिमा-अमावास्या ठाऊक असते. पण त्याच तिथ्या समुद्रावर घड्याळाचे काम करतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ अजमासे निघते, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा आहे : एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास. प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते आणि खरा आधार छापील भरती-कोष्टकाचाच घ्यायचा. पण चंद्र आणि पाणी यांचे नाते मनात ठसायला हा हिशेब पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचे. अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला कोकणात 'भांग' म्हणतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. काल सकाळी दहाला जेथे क्रिकेट खेळलो तेथे आठवड्याने त्याच वेळी तसेच वाळवंट मिळेल असे नाही.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत समुद्राकडे जाते ते सर्वत्र सारखे जात नाही. काही ठिकाणी ते एकवटून अरुंद पट्ट्याने वेगाने ओढले जाते. या परतीच्या प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत भासते. न पोहणारा, घाबरट, सावध मुलगा नेमकी तीच शांत जागा निवडतो. प्रवाहात सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजणारा दमतो आणि बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे, एवढे ज्ञान जीव वाचवू शकते. ते पाच मिनिटांत सांगता येते. वाळूवर काठीने रेघा मारून मुलांना ते समजावणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक. जाकीट वाटणारा आणि फोटो काढणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक नव्हे.

आणि तिसरा धडा : नाही म्हणण्याचा. कोळी समाजात पावसाळ्यातील खवळलेला समुद्र निवळेपर्यंत थांबून, नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ देऊन मग होडी लोटण्याची रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसे त्याच्यासमोर थांबायला कमीपणा मानत नाहीत. शिबिरात मात्र शुल्क भरलेले असते, वेळापत्रक छापलेले असते, आणि वारा सुटला तरी 'ॲक्टिव्हिटी' पार पाडायची असते. ज्या मार्गदर्शकाला आयोजकाच्या नफ्याविरुद्ध जाऊन 'आज होडी निघणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार नाही, तो कितीही कुशल असला तरी त्याच्या हाती मुले देऊ नयेत. हाच न्याय मुलालाही लागू करावा. 'मला आज पाण्यात उतरायचे नाही' असे म्हणणाऱ्या मुलाची टिंगल होत असेल तर त्या शिबिरात धैर्य शिकवले जात नाही, कळपाची भीती शिकवली जाते.

मोठ्या समूहाला उघड्या आकाशाखाली नेण्या-आणण्याचे शास्त्र आम्हाला परके आहे असेही नाही. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी आमच्याच दारावरून जाते. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हा तिचा मार्ग. बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होते. सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते. हजारो माणसे चालतात, राहुट्यांत उतरतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, तिची जागा ठरलेली असते, वीणेकरी कोण हे ठरलेले असते, चोपदाराने दंड उंचावला की कल्लोळ शांत होतो. कोण कोणाच्या मागे चालणार आणि मुक्कामी पोचल्यावर कोणाची विचारपूस कोण करणार, हे कोणत्याही हमीपत्रावाचून ठाऊक असते. जबाबदारी येथे नावाने असते. साहस शिबिराच्या आयोजकांनी परदेशी पुस्तिका जरूर वाचाव्यात. पण एकदा निमगाव केतकीच्या मुक्कामावर रात्री दिंडीतील व्यवस्था पाहून जावी, अशी आमची त्यांना सूचना आहे.

आता तयारीचा आरंभ कोठे व्हावा याविषयी. समुद्राची तयारी समुद्रावर सुरू होत नाही; ती गावच्या पाण्यात व्हायला हवी. आमच्या दोन तालुक्यांना पाण्याची वाण आहे असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि काही भागांत ती खरीही आहे. पण नीरा डावा कालवा आहे, विहिरी आहेत, गावोगाव शेततळी झाली आहेत, आणि इंदापूरच्या उशाला भीमेवरील उजनीचा अफाट जलाशय आहे. हे पाणी समुद्राइतकेच निर्दय होऊ शकते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. तेथे ना साहस होते, ना शिबिर, ना सहल. ती माणसांची रोजची वाट होती. शेततळ्यांचे दुःख आणखी निराळे. त्यांच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही. पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एक गाठी मारलेला दोर काठाच्या खांबाला बांधून आत सोडलेला असावा, एवढी साधी गोष्ट. ती किती शेततळ्यांवर दिसते?

पूर्वी विहिरीत पोहायला शिकवणे हा गावाच्या शिक्षणाचाच भाग होता. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि वर दोर धरून काका नाहीतर थोरला भाऊ. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण मराठी वाचकाच्या स्मरणात असतेच. लपून बसलेल्या मुलाला पोहायला पाठवताना ती माउली कठोर होते. आईच्या प्रेमाचा हा प्रसंग आपण डोळे ओले करून वाचत आलो. पण त्यात एक सामाजिक सत्यही आहे. पोहायला शिकवणे ही घराची जबाबदारी आहे, आणि ज्या आईचा जीव मुलात सर्वांत अधिक गुंतला आहे तीच ते टाळू देत नाही. मात्र त्या विहिरीवर मुली नव्हत्या. आमच्या वर्गांत आज मुली मुलांच्या बरोबरीने, काही वर्गांत त्यांहून अधिक आहेत. पोहता येणाऱ्यांचे हात वर करायला सांगितले तर मात्र मुलींच्या बाकांवर फारसे हात उठत नाहीत. मुरूडच्या घटनेत मुली अधिक का, याचा विचार करताना ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. मुलीला शिबिराला पाठवायची परवानगी देणारे, पण पोहायला शिकू न देणारे घर तिला अर्धेच स्वातंत्र्य देते. आणि पाण्यात अर्धे स्वातंत्र्य चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. ५ ते १४ वर्षे वयोगटात बुडणे हे मृत्यूचे तिसरे मोठे कारण आहे. त्याच अहवालात दिलासा देणारी गोष्टही आहे : २००० पासून बुडून होणाऱ्या मृत्यूंचा दर ३८ टक्क्यांनी घटला. म्हणजे हे दैव नव्हे. माणसाने प्रयत्न केले तर आटोक्यात येणारी गोष्ट आहे. शालेय वयातील मुलांना पोहणे, पाण्यातील सावधगिरी आणि सुरक्षित बचाव शिकवणे हा संघटनेने सुचवलेल्या मुख्य उपायांपैकी एक आहे. गणित आणि भाषेइतकेच ते सर्वांना मिळावे, असा त्याचा अर्थ होतो.

'सर्वांना' या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. आजचे साहस शिबिर शुल्क भरू शकणाऱ्यांचे आहे. उघड्यावर राहण्याचा आनंद विकत घेता येतो, तो ज्याला पक्के घर आहे त्यालाच. आमच्या साखरपट्ट्यात दर हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. त्यांच्या किशोरवयीन मुलांना चूल, थंडी, अंधार, साप, चालणे यांपैकी कशाचेच प्रशिक्षण नको. ते सर्व त्यांना जन्मतःच मिळाले आहे. त्यांना नको असलेले साहस रोज पदरी पडते, आणि हवी असलेली सुट्टी मिळत नाही. त्यांना समुद्र पाहण्याचा हक्क नाही काय? साहस-शिक्षण हे खरोखर शिक्षण असेल तर ते शुल्कावर अवलंबून राहता कामा नये. आणि ते केवळ करमणूक असेल तर त्याला शिक्षण म्हणू नये.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील, ते रास्त आहेत. पहिला, शिक्षकांच्या बाजूचा. सहलीचा भार अनेकदा सर्वांत कनिष्ठ, तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकावर पडतो. काही विपरीत घडले तर चौकशी त्याची. अशा माणसाने समुद्र नको म्हटले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? आमचे उत्तर असे की शिक्षकाने शिक्षकच राहावे. पाण्यातील जबाबदारी ज्याला पाणी कळते त्याच्याकडे, आणि ती लेखी असावी. दुसरा आक्षेप असा की देशावरच्या मुलांना समुद्र हवाच कशाला? याला उपयुक्ततेचे उत्तर आम्ही देणार नाही. डोळ्यांत मावत नाही असे काही एकदा तरी पाहिलेले असणे, ही वाढत्या वयाची गरज आहे असे आम्ही मानतो. आणि इतिहासाचा दाखला हवाच असेल तर तो घरचा आहे. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू करणारे शिवाजी महाराज सह्याद्रीच्या मुलखात वाढलेले होते. समुद्र आपला नव्हे असे त्यांनी मानले नाही. आणि समुद्र आपल्याला कळतो अशी घमेंडही बाळगली नाही. दर्या जाणणारे कोळी, भंडारी त्यांनी हाताशी धरले. मार्गदर्शक कसा निवडावा याचा याहून चांगला पाठ आपल्याकडे नाही.

म्हणून आमची सूचना अशी की समुद्राच्या शिबिराआधी एक शिबिर घरच्या पाण्यावर व्हावे. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी येतात. तेथील मच्छीमार पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. त्यांना उजनीचा वारा कळतो, गाळ कळतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. धरणाखाली गेलेल्या गावांचा इतिहास त्याच्या पायरीवर बसून सांगता येतो. अंगावर मापाचे जाकीट नीट बांधणे, होडीत खाली बसणे, उभे न राहणे, आभाळ पाहून परत फिरणे, बुडणाऱ्यामागे उडी न टाकता दोर किंवा काठी फेकणे, हे सर्व येथे शिकता येईल. आणि त्याही आधी पोहण्याचे वर्ग हवेत. मुलींसाठी शिक्षिकांसह, महाविद्यालये आणि तालुका क्रीडा संकुले यांनी मिळून चालवलेले. दोन वर्षांच्या या तयारीनंतर मुले घाट उतरून किनाऱ्यावर गेली, तर ती पाहुणी म्हणून जाणार नाहीत. विद्यार्थी म्हणून जातील.

राहिले हमीपत्र. ते रद्द करावे असे आम्ही म्हणत नाही. त्याची दिशा बदलावी. पालकांनी सही करण्यापूर्वी आयोजकाने सही केलेला कागद मागावा, आणि त्यातील प्रत्येक वाक्याला कर्ता असावा. 'आमची नोंदणी अमुक क्रमांकाने झाली आहे. पाण्यात अमुक मुलांमागे एक प्रशिक्षक आम्ही ठेवू. त्याचे नाव हे, त्याचे प्रशिक्षण हे. भरतीची वेळ आम्ही रोज सकाळी फळ्यावर लिहू. होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाच्या जाकिटाची गाठ आम्ही स्वतः तपासू. जवळचे रुग्णालय येथे आहे. तेथे पोचायला इतका वेळ लागतो. वारा वाढल्यास आम्ही उपक्रम रद्द करू आणि त्याबद्दल मुलाला किंवा पालकाला दोष देणार नाही.' इतकी आठ-दहा वाक्ये लिहून देण्यास जो आयोजक का-कू करतो, त्याच्या पत्रकातील छायाचित्रे कितीही सुंदर असोत, त्याच्याबरोबर मूल पाठवू नये. जो लिहून देतो, त्याच्याबरोबर पाठवावे. आणि मुलाने आधी पोहायला शिकले आहे याची हमी पालकांनी, त्याच कागदावर, आपल्या बाजूने द्यावी.